वळणावरचं शून्य

धानाचा वास आला की लोकांना काय काय आठवतं. कुणाला माहेर, कुणाला नव्या तांदळाची खीर, कुणाला शाळेची सहामाहीची सुट्टी. मला मात्र पहिला प्रश्न पडतो, कुठल्या वळणावर? वास येतोय म्हणजे धान जवळच कुठेतरी रस्त्यावर पसरलाय, आणि रस्त्यावर पसरलाय म्हणजे त्याच्या कडेने कुणीतरी दगड मांडलेत. काल सकाळी स्कूटीने किरनापूरच्या रस्त्याला लागले आणि तो वास आलाच. ओलसर, थोडा कोंड्याचा, थोडा चिखलाचा, ऊन चढेल तसा गोड होत जाणारा. माझा हात आपोआप ब्रेकवर गेला.

कार्तिक लागला की बालाघाटच्या कडेचे रस्ते असे अर्धे होतात. हलका धान निघतो तेव्हा दिवाळी तोंडावर असते, भारी धान निघेपर्यंत थंडी पडते. खरेदी केंद्रावर ओला धान घेत नाहीत. तिथला माणूस मूठभर दाणे यंत्रात टाकतो, मान हलवतो, आणि भरलेली ट्रॉली आल्या वाटेने परत जाते. मग वाळवायचा कुठे? खळी होती तिथे आता प्लॉट पडलेत. डांबर काळं असतं, तापतं, झाडलं की स्वच्छ होतं आणि ते कुणाचंच नसतं. कुणाचंच नसतं म्हणजे माझं असतं. शहराच्या कारभारात वाहतूक आणि रस्त्यांची सुरक्षा ज्या टेबलावर येते ते टेबल गेली बरीच वर्षं माझं आहे. शाखा म्हणावी तर त्या शाखेत मी, टेंभरेबाबू, एक लांब टेप आणि पांढऱ्या रंगाचे काही डबे. डब्यांतला रंग दर वर्षी दिवाळीच्या सुमारास थोडा कमी भरतो. तो आटतो असं टेंभरेबाबूंचं म्हणणं आणि तो कुणीतरी नेतं असं माझं. हा वाद आमच्यात जुना आहे.

संशय हा माझा स्वभावच. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं की ही सून दुधाच्या पातेल्यात आधी बोट बुडवून पाहते. पण यात माझा दोष निम्माच आहे. उरलेला बाबांचा. बाबा तिरोडीच्या लाइनवर फाटकवाले होते. मँगनीजचे डबे ओढणारी गाडी दिवसातून मोजक्या वेळा यायची, बाकी वेळ रूळ नुसते तापत पडलेले. मी शाळेतून आले की फाटकाशी बसून चिंचा खायचे. रस्त्यावरचा एखादा सायकलवाला म्हणायचा, काका, कुठं गाडी आहे, जाऊ द्या ना. बाबा ढिम्म. मला एकदा म्हणाले होते, "दिसत नाई म्हून गाडी नाई, असं कधी समजू नोको." मी ते वाक्य घेऊन इंजिनिअर झाले. शिकवणारे पुढे बरेच भेटले, पण माझ्या धंद्याचं मूळ त्या फाटकाशीच आहे.

त्यामुळे रिकामा रस्ता मला कधी रिकामा वाटला नाही, आणि कागदावर लिहिलेलं तर कधी खरं वाटलं नाही. पोलीस ठाण्यातून अपघातांच्या नोंदी येतात, मध्य प्रदेश असल्याने सगळ्या हिंदीत, आणि जवळजवळ प्रत्येकीत एक शब्द असतोच: अनियंत्रित. वाहन अनियंत्रित होऊन पुलाला धडकलं, वाहन अनियंत्रित होऊन खड्ड्यात गेलं. वाचताना वाटावं, आमच्या जिल्ह्यात गाड्यांनाच वात झालाय. वाहन आपणहून अनियंत्रित होत नाही. रस्ता त्याला काहीतरी सांगतो आणि ते ऐकतं. काय सांगितलं, ते शोधणं हे माझं काम. मी ते बऱ्यापैकी करते असं मला वाटायचं.

किरनापूरच्या रस्त्यावर आमच्या हद्दीतला शेवटचा वॉर्ड आहे. तिथे एक वळण आहे आणि त्या वळणाला लागून भागरताबाईचं घर. भागरताबाई आता काठी घेऊन चालतात. त्यांना मला एक वाक्य सांगायचं होतं. ते मी फाइलमध्ये लिहिलं, सही केली, वर पाठवलं. त्यांना मात्र सांगितलं नाही. दर कार्तिकात धानाचा वास येतो, ते वाक्य घशाशी येतं, आणि मी स्कूटी दुसऱ्या रस्त्याने घेते. असे पाच कार्तिक गेले.

पाच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तो रस्ता रुंद झाला होता. नकाशा माझा. जुनं वळण आखूड होतं, समोरचं दिसायचं नाही. मी ते लांबवलं, मोकळं केलं, कडेची बाभळ काढली, दोन्ही बाजूंना हात हात डांबर वाढवलं. पावसाळ्यात तो इतका काळा आणि गुळगुळीत दिसायचा की मी मुद्दाम तिकडून जायचे. आपण काढलेली रेघ जमिनीवर उतरलेली पाहण्यात एक सुख असतं. स्वयंपाकात मला ते कधी मिळालं नाही.

आणि मग कार्तिक आला, आणि माझ्या नव्या रस्त्याचा अर्धा भाग पिवळा झाला.

पायांनी धान फिरवणाऱ्या बाया पाहिल्यात का तुम्ही? पसरलेल्या धानातून त्या पाय न उचलता, फरपटत, एका सरळ रेषेत चालत जातात. मागे दोन चाकोऱ्या उमटतात. टोकाला वळतात, परत येतात. तासाभराने पुन्हा. खालचे दाणे वर येतात, वरचे खाली जातात. उन्हात तो आवाज येत राहतो, सर्र सर्र. भागरताबाई हे काम करताना पदर कमरेला खोचून, हात मागे बांधून, शाळेतल्या गुरुजीसारख्या येरझाऱ्या घालायच्या. दोन एकराचा धान, नवरा गेलेला, मुलगा नागपूरला कामावर, घरात सून. मी पहिल्यांदा जीप थांबवून खाली उतरले तेव्हा त्यांनी मला बसायला खाट दिली आणि हरभऱ्याची भाजी शिजतेय, जेवून जा म्हणाल्या. त्या मला मॅडम म्हणतात आणि तूही म्हणतात. आमच्याकडे दोन्ही एकत्र चालतं.

मी जेवले नाही. रस्ता मोकळा करा म्हणाले.

कचरा गोळा करणाऱ्या गाडीच्या भोंग्यावरून आम्ही तसं सांगितलंही. लोकांनी ऐकलं, आणि ऐकल्यासारखं करून दोन दिवसांनी धान उचलला. पण दगड गेले नाहीत. वॉर्डाची घरं रस्त्याच्या एका बाजूला, आणि शाळा व हँडपंप दुसऱ्या. बरोबर हँडपंपासमोर, जिथे धानाची पट्टी सगळ्यांत रुंद असायची, तिथे चुना लावलेल्या दगडांची एक ओळ रस्त्यात पोट काढून बसलेली असायची. धान असो नसो. आमचा माणूस ट्रॉलीत भरून ते दगड नाल्याजवळ टाकून यायचा आणि तिसऱ्या दिवशी ओळ पुन्हा हजर.

धान नसताना दगड कशाला? माझ्या नाकाला वास आला, आणि तो धानाचा नव्हता.

वळणाच्या तोंडाशीच सेवकरामचं पंक्चरचं दुकान होतं. एक पत्र्याची टपरी, हवा भरायचं यंत्र, पाण्याचं घमेलं, झाडाला टांगलेले टायर. माझं गणित पाच मिनिटांत सुटलं. गाडी हळू झाली की थांबते, थांबली की माणूस आपल्या चाकाकडे पाहतो, चाकाकडे पाहिलं की सेवकरामकडे पाहतो. शिवाय टपरीच्या मागे चुन्याची बादली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. आता याच्यावर आणखी पुरावा तो काय हवा?

तरी मी पुरावा गोळा केला, कारण संशयी माणसाला खात्री झाली तरी चैन पडत नाही. नाल्याजवळ टाकलेल्या दगडांना मी खालच्या बाजूने लाल ऑइलपेंटचा एकेक ठिपका लावून घेतला. टेंभरेबाबूंनी ब्रश धरला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर, हे आपल्याच्याने पाहवत नाही, असा भाव होता. तिसऱ्या दिवशी आम्ही उजाडायच्या वेळी चिंचेखाली जीप लावून बसलो. धुकं होतं. वळण दिसत नव्हतं, नुसता हँडपंपाचा खटखट आवाज यायचा. मग धुक्यातून सेवकराम आला, दोन्ही हातांत एकेक दगड. मागून भागरताबाई. त्या घराच्या दारापासून हँडपंपाकडे तोंड करून पावलं मोजत आल्या, एका जागी थांबल्या, पायाने खूण केली आणि सेवकरामने तिथे दगड ठेवला. मी उतरून दगड उलटा केला. लाल ठिपका.

सेवकरामने लपवालपवी केली नाही. हीच गोष्ट मला खटकली. म्हणाला, "हौ मॅडम, म्याच ठेवतो. धान उचलला का गाड्या सुसाट पळतेत. बायाले पानी आनाले पल्याड जा लागते, पोरायले शाळेत." मी म्हटलं, रस्ता पळायसाठीच असतो, आणि तुमच्या दुकानासमोर गाड्या हळू झाल्या की तुमचं बरं होतं, ते सांगा. तो हसला नाही, चिडलाही नाही. "तुमी जीपीत बसून पाहून राह्यल्या," म्हणाला, "इथं उभं राहून पाहा ना एक दिवस."

इतकं तयार उत्तर! मला वाटलं, याने हे घरून पाठ करून आणलंय. खरं बोलणारा माणूस जरा अडखळतो, अशी माझी समजूत होती. दगड जप्त झाले, पंचनामा झाला, सेवकरामला नोटीस गेली. दगडांचा पंचनामा करणारी मी या शहरातली बहुधा पहिलीच. टेंभरेबाबूंनी 'जप्त वस्तूचे वर्णन' या रकान्यात 'पत्थर' एवढंच लिहिलं.

आता त्या शून्याबद्दल.

वळणावर आधी किती अपघात झाले हे पाहायला मी ठाण्याच्या नोंदी मागवल्या होत्या. टेंभरेबाबू कागद घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, इस मोड़ पे तो कुछ है ही नहीं. जीरो." मी कागद दोनदा उलटून पाहिला. आखूड, आंधळं वळण, वर्षानुवर्षं रस्त्यात धान, शाळा, हँडपंप, आणि अपघात एकही नाही? हे शून्य मला सगळ्या मोठ्या आकड्यांपेक्षा वाईट दिसलं. मी ठरवून टाकलं की वॉर्डाचे लोक लपवताहेत. रस्त्यावर धान टाकणं चूक आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून कुणी पडलं, फुटलं तरी आपापसांत मिटवतात. मी भागरताबाईंना जाऊन विचारलं, इथे कधी कुणाला लागलं का? नाई, म्हणाल्या. कधीच नाही? नाई. नीट आठवून सांगा. त्यांनी खरंच आठवलं, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाल्या, "एक डाव कुत्रं मेलतं. ते बी बिमारच होतं." मी वहीत लिहिलं, माहिती देण्यास टाळाटाळ.

दिसत नाही म्हणून नाही असं समजू नको. बाबांचं वाक्य मी त्या शून्याला लावलं. आयुष्यात एवढ्या कागदांवर मी संशय घेतला, त्यातला हा एकच कागद खरा होता.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, मोसम असतो. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, ज्याचा त्याचा दिवस ठरलेला. लेकीजावई येतात, पाहुणे येतात, शिंगाडे आणि ऊस यांचे ढीग लागतात, रात्रीच्या दंडारीच्या नाटकाचा ढोलक दुपारपासूनच वाजायला लागतो. आणि रस्त्यावर मोटारसायकली. एकीवर तिघं, नवे शर्ट, केसांना तेल, सगळ्यांना पोचायची घाई. त्या दिवशी किरनापूरकडच्या एका गावची मंडई होती. सकाळीच मी वळणाचा फोटो काढला होता. ना धान, ना दगड, काळा कुळकुळीत रुंद रस्ता, कडेला ताजी पांढरी रेघ. दुपारच्या बैठकीत तो फोटो मी मोठ्या साहेबांना दाखवला. ते म्हणाले, छान, असं प्रत्येक वॉर्डात करा.

चारच्या सुमाराला टेंभरेबाबूंचा फोन आला.

मी पोचले तेव्हा भागरताबाईंना नेलं होतं. सेवकरामने त्यांना आपल्या खाटेवर घालून, खाट एका रिकाम्या ट्रॉलीत ठेवून नेलं होतं. रस्त्यावर त्यांचा पाणी भरायचा स्टीलचा गुंड पडला होता, एका बाजूने चेपलेला. सांडलेलं पाणी सुकलं होतं. मी माझ्या शिक्षणाप्रमाणे रस्त्यावर टायर घासल्याची खूण शोधू लागले. खूण नव्हतीच. म्हणजे त्यांना उडवणाऱ्या मोटारसायकलवाल्याने ब्रेक दाबलाच नाही. त्या रस्त्याने त्याला सांगितलंच नव्हतं की इथे दाबायचा असतो.

तिथे मी उभी राहिले. सेवकराम म्हणाला होता तशी. जीपमध्ये नाही, घड्याळ हातात घेऊन नाही, भागरताबाईंच्या दारात, हँडपंपाकडे तोंड करून. समोर रस्ता पूर्वीपेक्षा रुंद होता, म्हणजे ओलांडायला जास्त पावलं. वळण मोकळं होतं, म्हणजे येणारा पूर्वीपेक्षा जोरात. मंडईला जाणारी एकेक गाडी माझ्या पदराला वारा लावून जात होती. वॉर्डातल्या बाया वर्षानुवर्षं धानाच्या पट्टीपाशीच रस्ता ओलांडत आल्या होत्या, कारण तिथे गाड्या आपोआप हळू व्हायच्या. उन्हाळ्याकडे धान नसायचा तेव्हा ते आखूड वळणच गाड्यांना धरून ठेवायचं. वळण मी सरळ केलं, धान मी उचलायला लावला, उरले होते चार दगड, तेही मी जप्त करून आणले.

ऑफिसात येऊन मी जुने कागद काढले. धान उचलायच्या आधी मी स्वतः तिथे दोन खडूच्या रेघा मारून, स्टॉपवॉच लावून गाड्यांचा वेग मोजला होता. सगळ्या गाड्या हळू. माझ्याच अक्षरात समोर शेरा होता: अडथळ्यामुळे विलंब. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं माझं झालं. मी त्या वळणावरच्या प्रत्येकावर संशय घेतला. सेवकरामवर, त्याच्या बादलीवर, दगडांवर, कोऱ्या नोंदीवर, भागरताबाईंच्या मेलेल्या कुत्र्यावरसुद्धा. माझ्या नकाशावर घ्यायचं तेवढं राहून गेलं.

ठाण्यातली नोंद आली. वाहन अनियंत्रित होऊन, आणि पुढे, महिला अचानक समोर आल्याने. अचानक! लग्न होऊन आल्यापासून ती बाई त्याच जागी रस्ता ओलांडत होती.

मी दवाखान्यात गेले. मांडीचं हाड मोडलं होतं. सून उशाशी बसून संत्रं सोलत होती. मी स्टुलावर बसले आणि ते वाक्य तोंडात जुळवू लागले, तेवढ्यात भागरताबाईच म्हणाल्या, "मीच पाह्यलं नाई, मॅडम. तुहा रस्ता त चांगला आहे."

मी त्यांच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. खरं सांगते, शोधला. माझी सवय तिथेही सुटली नाही. टोमणा नव्हता. त्यांना मनापासून तसं वाटत होतं. मला लाज वाटली आणि त्या लाजेतून थोडी सुटकाही वाटली, आणि त्या सुटकेची आणखी लाज वाटली. मी लवकर बरं व्हा असं काहीतरी म्हणून उठले.

फाइलमध्ये मात्र मी लिहिलं. तीन ओळी. रस्ता रुंद करताना पादचाऱ्यांचा विचार झाला नाही, वेग वाढेल हे ध्यानात घेतलं गेलं नाही, ही चूक खाली सही करणारीची आहे. टेंभरेबाबू म्हणाले, मॅडम, कुणी विचारलंय का तुम्हाला? नव्हतं विचारलं. कुणाचाच माझ्यावर संशय नव्हता, आणि त्या गोष्टीनेच मला जास्त बेचैन केलं. लिहिलेलं खरं असलं की नोटीस लवकर येते, तशी ती आली. मी उत्तर दिलं, पुन्हा तेच लिहिलं. पुढची दोन वर्षं मी त्या वळणासाठी एकच मागणी वर पाठवत राहिले, रस्ता तिथे पुन्हा अरुंद करा. रुंद केलेला रस्ता अरुंद करायला कुणी तयार होत नाही. रुंदीचं उद्घाटन होतं, अरुंदीचं कुणी करत नाही. शेवटी काम झालं. हँडपंपासमोर रस्ता दोन्हीकडून आवळला, ओलांडायची जागा वीतभर उंच केली, आणि कडेला लावायला दगड हवे होते तेव्हा टेंभरेबाबूंनी गोदामातून जप्त माल बाहेर काढला. खाली लाल ठिपके तसेच होते.

हे सगळं मी दुरून केलं. कामावर टेंभरेबाबू जायचे. मी तिकडे फिरकले नाही.

काल गेले. का गेले, ते मलाही नक्की सांगता येणार नाही. वास आला, हात ब्रेकवर गेला आणि या वेळी स्कूटी वळवायच्या आधीच वळण आलं. शेजारच्या बखळीत धान पसरलेला होता. भागरताबाई खाटेवर बसून लांब बांबूने चिमण्या हाकलत होत्या. काठी खाटेला टेकवलेली. पलीकडे सेवकराम उकिडवा बसून कडेच्या दगडांना पांढरं करत होता. चुना नव्हता, रंग होता, चांगला घट्ट, आमच्या डब्यातल्यासारखा. त्याने मला पाहून ब्रश क्षणभर मागे धरला. रंग कुठे आटतो ते मला कळलं. मी विचारलं नाही.

भागरताबाईंनी मला ओळखलं. सरकून जागा दिली. धान कसा झाला, सून कशी आहे, असं बोलत राहिले. मग मी म्हटलं, मावशी, पाण्याला का नाही जात आता, रस्ता तर नीट झाला. तर म्हणाल्या, घरचे जाऊ देत नाहीत. मुलाने नागपूरला नेऊन डोळे तपासून आणले. डॉक्टर म्हणाला, ठीक आहेत. पण डॉक्टरला काय कळतं. डोळे ठीक असते तर ती गाडी दिसली नसती का? तेव्हापासून त्या एकट्या रस्ता ओलांडत नाहीत. पलीकडे त्यांची बहीण राहते, तिच्याकडेही कुणी सोबत असेल तरच. "माह्या डोळ्याचा भरोसा नाई राह्यला मले," त्या म्हणाल्या, चिमण्यांकडे बघत.

पाच वर्षं. मी माझं वाक्य जपून ठेवलं होतं आणि ही बाई तेवढी पाच वर्षं आपल्याच डोळ्यांवर संशय घेत बसली होती. माझ्या वाटणीचा संशय.

मी सांगितलं. जुळवाजुळव न करता, जसं आलं तसं. मावशी, तुमचे डोळे तेव्हाही ठीक होते. चूक माझी होती. रस्ता मी असा केला होता की गाडी दिसेपर्यंत ती अंगावर यावी. दगड होते ते मीच उचलून नेले. तुम्ही चुकला नाहीत.

त्यांनी बांबू खाली ठेवला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, डोळे बारीक करून. मी जशी लोकांकडे पाहते तसं.

"सही पायजे का कशावर?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"फोटो काढाचा हाय?"

"नाही, मावशी."

"मंग आता काहून सांगून राह्यली?"

आधी सांगायला हवं होतं, एवढंच म्हणाले. पलीकडे सेवकरामचा ब्रश थांबला होता. चिमण्या येऊन धानावर बसल्या, टिपत राहिल्या, त्यांना कुणी हाकललं नाही. मला वाटलं, आता त्या मला जा म्हणतील, आणि ते बरोबरच होईल.

भागरताबाईंनी काठी घेतली आणि उठल्या. कडेपर्यंत आल्या. मी हात पुढे केला. त्यांनी तो पाहिला आणि धरला नाही. दोन पांढऱ्या दगडांच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, वळणाच्या टोकापर्यंत. सावकाश, एखादी जुनी वस्तू हाताळून पाहावी तसं.

"कोनी येऊन नाई राह्यलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि काठी टेकत बहिणीच्या घराकडे निघाल्या.

मी सवयीने पुन्हा एकदा वळणाकडे पाहिलं. खरंच कुणी येत नव्हतं.